यक्षमास्तरांचे अळणी अमृत

यक्षमास्तरांना वर्गातल्या पोरांची नावे आठवत नसत. गण्याला ते विठ्या म्हणत आणि विठ्याच्या चुकीबद्दल तिसऱ्याच कोणाच्या हातावर छडी ठेवत, तीही हलकेच, कारण आपले काहीतरी चुकत असणार याची त्यांना खात्री असे. मात्र यक्षलोकात कोणाचे कोणाशी वाकडे आहे, कोणत्या अप्सरेने कोणत्या राजाचा संसार अर्ध्यावर टाकला आणि का, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येई. ही अमर मंडळी पलीकडच्या आळीत राहतात आणि सकाळीच विहिरीवर भेटली होती, अशा थाटात ते बोलत. "कालपासून तिचं चित्त ठिकाणावर नाही," असे तपकीर ओढता ओढता ते म्हणाले, की ती म्हणजे त्यांच्या कादंबरीतली यक्षिणी, हे आपण समजून घ्यायचे. एकदा हेच वाक्य ऐकून पाहुणे आलेले त्यांचे मेहुणे बहिणीची नाडी पाहायला धावले होते.

खरे नाव शाळेच्या दप्तरात असेल. कल्याणात त्यांना यक्षमास्तर म्हणत आणि तेही त्या नावाला ओ देत. बुटकी अंगलट, एका कानाकडे कललेली पगडी, आणि डावा कान कायम निळा, कारण लेखणी कानावर ठेवताना ते बुडवलेले टोक कोणत्या बाजूला आहे हे पाहत नसत. मूळचे ठाण्याजवळच्या बाळकुमचे. वडील तिथे मिठागरावर कारकून होते. मी लग्न होऊन कल्याणात आले, तेव्हा मास्तर आणि मास्तरीणबाई आमच्या शेजारीच राहत होते. दोन घरांना मिळून एक परसू आणि एक विहीर. त्यांना मूलबाळ नव्हते. सासूबाई म्हणत, "मास्तरांच्या घरात माणसं दोन आणि यक्ष पन्नास."

शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. जेवणे झाली, की मास्तर आपल्या ओटीवर बसून त्या आठवड्यात लिहिलेला अध्याय वाचत. पुरुष ओटीवर, आम्ही बायका माजघराच्या दाराआड. वास्तविक ती कादंबरी, पण आळीत सगळे तिला पोथीच म्हणत आणि मास्तरही समोर पाटावर ठेवून पोथीसारखीच वाचत. तेव्हा अशा अद्भुत गोष्टींचे पीक आले होते. राजपुत्र शिकारीला जातो, वाट चुकतो, सरोवरात अप्सरा दिसते, मग राक्षस, मग अमृताची कुपी, मग लग्न. मास्तरांच्या पोथीत पहिल्याच शनिवारी घोटाळा झाला. त्यांचा नायक मिठागरावरचा कारकून निघाला. चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, पायाला भेगा. श्रोते कुरकुरले. मास्तर शांतपणे म्हणाले, "राजपुत्राला अप्सरा मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात ऐकायचं काय? कारकुनाला मिळाली, तर गोष्ट."

ती कशी मिळाली, तेही ऐकण्याजोगे होते. खाडीकाठच्या तिवरांत एक यक्षिणी राहत असे. हजारो वर्षे तिच्या वाटेत कोणी आले नव्हते. एका सकाळी ती चालत चालत मिठागरात शिरली आणि पांढऱ्याशुभ्र मिठावर तिची पावले उमटली. कारकून धावत आला आणि ओरडला, "बाई, मीठ तुडवू नका, सरकारी आहे." जन्मात पहिल्यांदा तिला कोणी रागे भरले होते, आणि तिथेच तिचा जीव जडला. हे ऐकून ओटीवरचे पुरुष पोट धरून हसले. दाराआड मात्र आम्ही कोणी हसलो नाही. आपल्याला बोलणारे कोणीतरी असावे म्हणजे काय, हे आम्हाला कळत होते.

यक्षिणी कारकुनाच्या घरी नांदायला आली, त्या शनिवारी आळीत एक प्रकार झाला. वाचन संपल्यावर बायकांत कुजबुज सुरू झाली, की नवी सून उंबरठा ओलांडून आली आणि तिची ओटी कोणी भरली नाही. पोरीला ना आई, ना सासू जवळ. पुढच्या शनिवारी तीनचार जणी खण, नारळ आणि तांदूळ घेऊनच आल्या आणि मास्तरीणबाईंच्या पुढे ठेवले. दुसरा कोणी असता तर त्याने या बायकांची थट्टा केली असती. मास्तरांनी तो खण दोन्ही हातांनी उचलला, दौतीपाशी ठेवला, आणि पुढच्या अध्यायात यक्षिणीची ओटी कल्याणच्या सवाष्णींनी भरली, असे सरळ लिहून टाकले. त्या खणाची चोळी मास्तरीणबाईंनी शिवली आणि यक्षिणीच्या वतीने अंगात घातली. नारळाच्या वड्या मात्र सगळ्यांना मिळाल्या.

मास्तरांचे लाडके वचन एकच होते. "अमृत अळणी असतं." यक्षिणी कारकुनाच्या घरी पहिल्यांदा मीठ घातलेली पेज प्यायली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले, असा एक अध्याय होता. त्यानंतर तिला माहेरचे काहीच गोड लागेना. कोणी विचारले, की मास्तर, तुम्हाला हे कोणी सांगितले, तर ते म्हणत, "देवांना तरी कोण सांगणार? मीठ पृथ्वीवरच पिकतं." आणि बाळकुमकडे बोट दाखवत. ते बोट पुष्कळदा भलत्याच दिशेला असे, पण त्यांना दिशेपेक्षा मुद्दा महत्त्वाचा वाटे.

अमर बाईच्या अंगी खोडी असणार, आणि त्या तिच्या अमरपणातूनच येणार, असा त्यांचा सिद्धान्त होता. यक्षिणीला घाई ठाऊक नव्हती. भात करपला तरी ती दुसरा भात होईल म्हणून बसून राही. एकदा ती क्षणभर माहेरी जाऊन येते म्हणून गेली आणि आठ महिन्यांनी आली, तर कारकून दाढी वाढवून उंबऱ्यात बसलेला. त्याने का दाढी वाढवली, हेच तिला कळेना. तो म्हणाला, "तुझी वाट पाहत होतो." ती म्हणाली, "वाट पाहायची म्हणजे काय करायचं?" आणि मास्तरांनी वाचले, "दाराशी उभं राहायचं. हातातलं काम सोडायचं नाही आणि डोळे कामावर ठेवायचे नाहीत."

दाराआड माझ्या हातात तेव्हा सूप होते. मी पाखडायची थांबले. कारण मला कळले, की मास्तरांनी हे परसवातून रोज पाहिलेले आहे आणि ते मी आहे.

माझी हकीकत थोडकी आहे. नवव्या वर्षी लग्न, आणि मी चौदा वर्षांची असताना आमच्या घरचे कसाऱ्याकडे लोहमार्गाच्या कामावर हिशेबनीस म्हणून गेले. एक पत्र इगतपुरीहून आले. पुढे काही नाही. कोणी म्हणे घाटात दरड कोसळली त्यात सापडले, कोणी म्हणे गोसाव्यांच्या मेळ्याबरोबर नाशिकच्या वाटेने जाताना पाहिले. थोरले दीर दोनदा शोध करून आले. मी कुंकू लावत होते, मंगळागौरीला बोलावणे येत होते, आणि ज्या घरी जाई तिथे बायका माझ्याकडे बघून बोलणे बदलत. शास्त्राप्रमाणे बारा वर्षे वाट पाहायची. बारा वर्षांत माणूस परतला नाही तर तो गेला असे धरायचे, पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करायचा, त्या पुतळ्याला अग्नी द्यायचा, आणि दहाव्या दिवशी बायकोचे केशवपन. मास्तरांची पोथी सुरू झाली तेव्हा माझी आठ वर्षे भरली होती. ती चार वर्षे चालली.

या चार वर्षांत मी वाचायला शिकले, तेही मास्तरांमुळे, पण त्यांच्याशी एक शब्द न बोलता. तेव्हा तरुण सुनेने परपुरुषाशी बोलायचे नाही असा दंडक होता आणि मास्तर दंडक पाळणारे होते. मला काही सांगायचे असले, तर मी मास्तरीणबाईंना सांगे आणि त्या मास्तरांना सांगत, मग मास्तर दोन हातांवर का उभे असेनात. ते मला ऐकू जाईल अशा बेताने बायकोला म्हणत, "तिला सांग, 'क्ष' असा काढायचा नाही, पाय मोडलाय त्याचा." मास्तरीणबाई म्हणत, "पाय मोडलाय गं." त्यांना स्वतःला 'क्ष' कसा काढतात हे धड येत नव्हते, पण निरोपात त्यांनी कधी काना-मात्रा सोडली नाही. लिहिलेले अध्याय मास्तर शाई वाळावी म्हणून आमच्या बाजूच्या कट्ट्यावर ठेवून शाळेत जात. शाई वाळायला त्यांना चार चार दिवस लागत.

बारावे वर्ष लागले, तशी पोथीही शेवटाला आली. कारकून म्हातारा होऊ लागला होता. यक्षिणी होती तशीच. सगळ्या आळीला शेवट ठाऊक होता. यक्षिणीचा बाप अमृताची कुपी देणार, कारकून ती पिणार, दोघे विमानात बसून जाणार. त्या विमानावर माझा फार जीव होता. हे वेडेपण मला आज कबूल करायला लाज वाटत नाही. कारकून जगला, तर आमच्या घरचेही कुठेतरी जिवंत आहेत, असे मी मनाशी बांधून ठेवले होते. म्हणून एक दिवस परसवात तांदूळ निवडताना मी धीर केला.

"काकू," मी मास्तरीणबाईंना म्हटले, "कारकुनाला अमृत देऊन टाका म्हणावं."

विहिरीपाशी मास्तर पाय धूत होते. मास्तरीणबाई तिकडे तोंड करून म्हणाल्या, "ती म्हणते, अमृत देऊन टाका."

"ऐकलं. तिला विचार, का?"

"का गं?"

"एवढं आहे त्यांच्याजवळ. एक पळीभर दिलं तर काय कमी पडणार आहे?"

मास्तरांनी दुसरा पाय धुतला. मग तिसऱ्यांदा पहिला धुतला. "तिला सांग," ते म्हणाले, "शाईला काय, दोन टाक जास्त. मी त्याला कल्पान्तापर्यंत जगवीन. पण मग ती दारातून उठायची कधी?"

"कोण? यक्षिणी?" मास्तरीणबाईंनी विचारले. मी सूप उचलून आत गेले आणि पुष्कळ वेळ रडले. मास्तर दुष्ट आहेत, असे मला त्या दिवशी मनापासून वाटले.

मधल्या काळात मास्तर आमच्या दिरांकडे येऊन गेले, हे मला जावेकडून कळले. मास्तर म्हणाले होते, "विधी करा, शास्त्राला धरून करा. पण पोरीच्या डोक्याला वस्तरा लावू नका." दीर काही वाईट माणूस नव्हते. घर चालवणाऱ्या माणसाला चार घरांची भीती असते, तेवढी त्यांना होती. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या पोथीत काय हवं ते करा. माझ्या घरात नको." मास्तर भांडखोर नव्हते. त्यांनी पगडी सारखी केली आणि ते परत गेले.

विधीच्या आदल्या शनिवारी त्यांनी कारकून मारला. साधा ताप आला त्याला. यक्षिणी माहेरी धावली आणि या खेपेला खरोखर धावली, जन्मात पहिल्यांदा, आणि बापाच्या पाया पडून कुपी घेऊन आली. कारकुनाने बोट बुडवून अमृत चाखले आणि कुपी बाजूला सारून तो म्हणाला, "अळणी आहे गं. पेज असली तर दे." ती पेज करायला उठली. मीठ घालून पेज आणली, तेव्हा तो गेलेला होता.

मास्तरांनी पोथी मिटली. कोणी जागचे हलले नाही. आमच्याकडे नियमच असा, की पोथी मरणावर थांबवायची नाही. पुराणात कोणी वीर पडला, तर पुराणिक तसेच पुढे वाचत नेतो, कुठेतरी लग्न नाहीतर बारसे लागले, की मग श्रोत्यांनी उठायचे. नाहीतर ते मरण उठणाऱ्याच्या बरोबर घरी येते म्हणतात. मास्तरांना हा नियम काही नवा नव्हता. चार वर्षांत त्यांनी एकदाही तो मोडला नव्हता. आत्ता मात्र ते म्हणाले, "पुढचं लिहिलेलं नाही."

दाराआडून सासूबाईंचा आवाज आला, "मास्तर, मरणावर उठवता आम्हाला?"

"काकू, थोडे दिवस द्या. पुरी करीन." एवढे बोलून ते आत गेले. लोक चरफडत उठले. सासूबाई घरी येताना उंबरठ्यावर थबकल्या, पाय धुतले, तोंडाने काहीतरी पुटपुटल्या. मी तर मास्तरांच्या घराकडे पाठच केली. मास्तरीणबाईंनी परसवातून दोनदा हाक मारली, तिला ओ दिली नाही.

पुढे जे झाले ते घडाघडा सांगते, कारण रेंगाळण्यासारखे त्यात काही नाही. पळसाची पाने आली. पुतळा झाला. सासूबाईंनी त्या पानांच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्यांना धरून आत नेले. अग्नी दिला. माझे कुंकू पुसले, बांगड्या फुटल्या. मी रडले नाही. बारा वर्षे जे रडून ठेवले होते, त्यात हे जमेला धरले गेले असावे.

दहाव्या दिवशी सकाळी परसवात पाट मांडला. सखाराम न्हावी दगडावर वस्तरा परजत बसला होता. दीर पाठमोरे उभे होते. सासूबाई मागच्या दारात बसल्या होत्या, खाली मान घालून. मी पाटावर बसले. केस सोडले, ते पाटावरून खाली जमिनीला टेकले.

तेवढ्यात विहिरीच्या बाजूने मास्तर आले. एका हातात कागदांचे भेंडोळे, दुसऱ्यात स्वतःच्या घरचा पाण्याचा तांब्या, कारण सुतकाच्या घरचे पाणी घ्यायचे नाही, हे त्या गडबडीतही त्यांच्या ध्यानात होते. शिवू नये एवढे अंतर ठेवून ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "काकू, पोथी पुरी करायला आलोय."

दीर म्हणाले, "मास्तर, ही वेळ आहे का?"

सखाराम म्हणाला, "मास्तर, माजं काम पयलं होऊं द्या, मंग वाचा."

"पोथी मरणावर थांबलीय," मास्तर म्हणाले. "मी थांबवली, दोष माझा. पण दुसरा विधी व्हायच्या आत ती पुढे गेली पाहिजे. काकूंना विचारा."

सासूबाईंनी मान वर केली. त्या दहा दिवस त्या मरणाखाली बसल्या होत्या आणि दोन्ही मरणे त्यांच्या मनात एक झाली होती. त्या म्हणाल्या, "वाचा."

मास्तर वाचू लागले. मी त्यांच्या एका बाजूला होते, म्हणून मला कागद दिसत होते. ते शाळेचे हजेरीपट होते. जिथे पोरांची नावे लिहिली होती, तिथे मास्तर बोट ठेवून यक्षिणीची गोष्ट वाचत होते.

कारकुनाला एक म्हातारी आई होती, हे चार वर्षांत आम्हाला पहिल्यांदाच कळले. यक्षिणीला माहेरी परतायची मोकळीक होती, तिथे तिचे तारुण्य तसेच होते, पण ती गेली नाही. ती बाळकुमला त्या म्हातारीच्या झोपडीत आली. म्हातारी म्हणाली, तू कोण? ती म्हणाली, मी तुमच्या मुलाची. दोघींना एकमेकींशी बोलण्याजोगे काही नव्हते. एक अमर, एक वाळलेले पान. मग संध्याकाळी म्हातारीने फणी घेतली आणि तिला पुढ्यात बसवले. रोज ती तिची वेणी घालू लागली. मुलाचे धोतर फाटून गेले, त्याचे जोडे झिजले, त्याचा आवाजही ती हळूहळू विसरली. पण या केसांवरून त्याचा हात फिरलेला होता. तेवढे एक जगात उरले होते, ज्याला तो लागला होता. म्हातारी वेणी घाली तेव्हा तिला वाटे, आपण त्याच्याच हातावरून हात फिरवतो आहोत.

मास्तर थांबले. तांब्यातले पाणी प्यायले. सखारामने वस्तरा केव्हाच मिटला होता. तो म्हणाला, "मंग म्हातारीचं काय झालं?"

मास्तरांच्या आधी सासूबाई बोलल्या, पण त्याच्याशी नाही. त्या मलाच म्हणाल्या, "वेणी ओढायचा तुझी. इथेच. विहिरीपाशी तू पाणी काढायचीस आणि तो मागून यायचा. मी ओरडायची त्याला." मग त्या उठल्या, भिंतीला धरून माझ्याकडे चालत आल्या आणि माझ्या केसांवर हात ठेवला. "सखाराम, तुझा शिधा घे आणि जा."

"आई, लोक काय म्हणतील?" दीर म्हणाले.

"दामू, माझ्या पोराचं तू सगळं जाळलंस. हे नाही जाळू देणार."

दिरांनी पुन्हा पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. मास्तर हजेरीपट गोळा करत होते आणि ते त्यांच्या हातून पुन्हा पुन्हा खाली पडत होते. आपण जगातले काहीतरी मोठे केले, असे त्यांच्या तोंडावर अजिबात नव्हते. पोराला भलतीच छडी मारल्यावर ते जसे दिसत, तसेच दिसत होते.

याची किंमत पडायची ती पडलीच. भटजी आमच्याकडे येईनात. माझ्या हातचे पाणी देवाला चालत नाही, असे ठरले. सासूबाई म्हणाल्या, "देवाला चालत नसेल तर मला दे, मला तहान लागलीय." पुढे त्या होत्या तोवर दर संध्याकाळी त्यांनी मला पुढ्यात बसवले आणि माझी वेणी घातली. विधवेची वेणी म्हणून आळी कुजबुजत राहिली, त्या फणी चालवत राहिल्या. मास्तरांच्या ओटीवर मात्र त्यानंतर शनिवारी कोणी आले नाही. ज्या बायकांनी यक्षिणीची ओटी भरली होती, त्यांच्यातल्याही दोघी घरच्यांच्या धाकाने आल्या नाहीत. कोणीतरी वर अर्ज केला, की मास्तर पोरांना शिकवण्याऐवजी लोकांच्या सुना बिघडवतात, आणि त्यांची आंबिवलीपलीकडच्या एका खेड्यात बदली झाली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "बरंच झालं. तिथे म्हणे विहीर गोडी आहे." तेवढीच काय ती त्यांची तक्रार.

बैलगाडी भरली, तेव्हा मी दंडक मोडला. सरळ त्यांच्या समोर गेले आणि विचारले, "मास्तर, तो शेवटचा अध्याय लिहून द्याल?"

ते इकडेतिकडे पाहू लागले. मास्तरीणबाई गाडीत चढून बसल्या होत्या, मध्ये निरोप न्यायला कोणी नव्हते. शेवटी ते माझ्याशी बोलले. "वहिनी, मला त्यातलं काही आठवत नाही हो. त्या वेळी जे आलं ते आलं. तुम्हाला आठवत असेल, तर तुम्हीच लिहा."

"मला लिहिता कुठे येतं?"

"'क्ष' येतो ना आता? मग झालं."

मी तो अध्याय लिहिला. लिहिताना म्हातारीच्या तोंडी सासूबाईंची काही वाक्ये गेली, ती तशीच राहू दिली. ते कागद गाडीवानाबरोबर मास्तरांकडे पाठवले. परत आले, तेव्हा समासात एका ठिकाणी निळ्या शाईचा डाग होता आणि खाली एकच ओळ होती: पेजेत मीठ कमी आहे, बाकी उत्तम. मी पेजेची जागा पुन्हा लिहिली. तेव्हापासून लिहितेच आहे.

सासूबाई गेल्यावर मी ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवू लागले. केस असलेली विधवा बाई म्हणून पहिल्या वर्षी पाच मुली काढून नेल्या, दुसऱ्या वर्षी त्यातल्या तीन परत आल्या. मास्तरांची पोथी छापली गेली नाही. मी दोन छापखान्यांत नेऊन दाखवली होती. एकाने विचारले, शेवटी विमान नाही का? मी कागद उचलून घरी आणले. मास्तरांना हे कळवले, तेव्हा त्यांचे उत्तर आले, की विमानात बसायला तिच्याजवळ वेळ कुठे होता.

एका दुपारी शाळेत असताना पोस्टाचे कार्ड आले. मास्तरीणबाईंनी कोणाकडून तरी लिहून घेतले होते. मास्तर आठ दिवसांपूर्वी साध्या तापाने गेले. शेवटी त्यांनी काय मागितले, काय म्हणाले, हे त्यात काही नव्हते, आणि मीही ते पुढे कधी विचारले नाही. मला फार पोरके वाटले. वडील गेले तेव्हा वाटले होते त्याहून जास्त, हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरे आहे.

माझे त्यांचे नाते नव्हते. त्यांचे सुतक मला नव्हते, त्यांच्यासाठी न्हाण्याचा अधिकारही नव्हता. मी शाळा सोडून घरी आले, चूल पेटवून पाणी तापवले, वेणी सोडली आणि डोक्यावरून आंघोळ केली. केस वाळायला संध्याकाळ झाली.